शेतातला वाटा, उन्हाळ्याची टोपली

चैत्र सरून वैशाख लागला, की महाराष्ट्रातील मंडईचे रूप पालटते. मेथी-पालकाच्या जुड्या बारीक होतात, कोथिंबिरीचा भाव चढतो आणि घरोघरची भिस्त दुधी, दोडका, गवार, भेंडी या फळभाज्यांवर येऊन ठेपते. आपल्याकडे उन्हाळा हा पालेभाज्यांच्या टंचाईचा काळ असतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंडमध्ये मात्र चित्र नेमके उलटे दिसते. तेथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची धास्ती असते आणि ऑक्टोबर उजाडतो न उजाडतो तोच ती पुन्हा सुरू होते. त्यामुळे भाजीपाल्याची बहुतेक सुगी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दाटीवाटीने उरकावी लागते.

ही सुगी थेट स्वयंपाकघरात पोहोचवणारी एक पद्धत तेथील छोट्या शेतांनी गेल्या चार दशकांत रुजवली आहे. हंगामापूर्वीच शेतकऱ्याकडे पैसे भरायचे आणि नंतर दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा घरी न्यायचा, अशी ती रीत आहे. ‘कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर’, थोडक्यात ‘सीएसए’, या नावाने ती ओळखली जाते. टोपलीतील ताज्या भाज्यांचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्या टोपलीमागे जो करार आहे, तो अधिक विचार करण्याजोगा आहे.

ढीग आणि हिस्सा

मराठीत ‘वाटा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बाजारात विक्रेती समोर लहान लहान ढीग मांडते, तो वाटा; आणि मिळकतीत भावाभावांचा जो हिस्सा असतो, तोही वाटाच. पहिल्या वाट्याचे पैसे मोजले की व्यवहार संपतो. दुसऱ्यात मात्र मिळकतीच्या नफ्याबरोबर तिचे नुकसानही वाट्याला येते. सीएसएची टोपली दिसायला पहिल्या प्रकारची असली, तरी तिचे तत्त्व दुसऱ्या प्रकारचे आहे.

भाजीपाल्याच्या शेतीत खर्च आधी आणि उत्पन्न नंतर असते. न्यू इंग्लंडमधील शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीत बियाणे मागवतो, मार्च-एप्रिलमध्ये हरितगृहात रोपे तयार करतो, मजूर ठरवतो, अवजारे दुरुस्त करतो. हाती पैसा मात्र जूनच्या आधी येत नाही. ही मधली पोकळी एरवी कर्जाने भरावी लागते. सीएसएमध्ये ती सभासद भरतात. वसंत ऋतू संपण्यापूर्वी प्रत्येक कुटुंब काहीशे डॉलर शेताकडे जमा करते आणि त्या बदल्यात साधारण २० आठवडे, आठवड्यातून एकदा, टोपली घेऊन जाते. लहान कुटुंबांसाठी अर्धा वाटाही असतो. टोपलीत काय असेल हे बहुतेक ठिकाणी शेत ठरवते, सभासद नव्हे.

या व्यवहारात शेतकऱ्याला दोन गोष्टी मिळतात. ऐन गरजेच्या वेळी बिनव्याजी पैसा हाती येतो आणि माल पिकण्याआधीच तो कोणाकडे जाणार हे निश्चित होते. सभासदाला ताजी भाजी मिळते आणि ती कोणी, कोठे, कशी पिकवली याची माहितीही मिळते. त्याबरोबर तो एक जोखीमही पत्करतो. पीक उत्तम आले तर टोपली ओसंडून वाहील, बुडाले तर ती रिकामी राहील, आणि दोन्ही वेळी भरलेली रक्कम तीच असेल.

कल्पनेचा प्रवास

या विचाराचा एक उगम जपानमध्ये आहे. औद्योगिकीकरणाच्या लाटेत मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेने तो देश हादरला होता आणि कीटकनाशकांबद्दलही धास्ती वाढली होती. या वातावरणात सहकार चळवळीतील कार्यकर्ते तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये जपानची सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. शहरातील कुटुंबांचे गट आणि शेतकरी यांनी मध्यस्थाविना परस्परांशी बांधून घ्यायचे, या पद्धतीला तेथे ‘तेइकेइ’, म्हणजे भागीदारी, असे नाव पडले. १९७४-७५ मध्ये लेखिका सावाको आरियोशी यांची प्रदूषणावरील लेखमाला दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि हा विषय जपानी घराघरांत पोहोचला.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृषी प्राध्यापक बुकर टी. व्हॉटली हे कृष्णवर्णीय छोट्या शेतकऱ्यांना असाच मार्ग सुचवीत होते. शहराजवळच्या शेतकऱ्याने ग्राहकांचे सभासद मंडळ बांधावे, त्यांच्याकडून आगाऊ वर्गणी घ्यावी आणि घाऊक बाजाराच्या लहरीतून स्वतःला सोडवावे, असा त्यांचा आग्रह होता.

सीएसए या नावाने परिचित असलेल्या शेतांची सुरुवात १९८६ मध्ये दोन ठिकाणी झाली. मॅसॅच्युसेट्समधील ‘इंडियन लाइन फार्म’ येथे रॉबिन व्हॅन एन आणि स्वित्झर्लंडमधील प्रयोग पाहून आलेले जॅन व्हँडर ट्यून यांनी सहकाऱ्यांसह पहिला हंगाम काढला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये ‘टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म’ सुरू झाले. तेथील रीत आणखी निराळी होती. शेताचा वर्षाचा खर्च सभेपुढे मांडला जाई आणि प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगे. खर्चाची भरपाई झाली की हंगाम सुरू. पुढे २००१ मध्ये न्यूयॉर्कमधील अशा शेताची पाहणी करून आलेल्या एका शेतकरी दांपत्याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हाच उपक्रम आरंभला आणि तो तेथेही फोफावला. अमेरिकेच्या २०१२ च्या कृषिगणनेत सीएसएमार्फत माल विकल्याचे सांगणाऱ्या शेतांची संख्या साडेबारा हजारांवर होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत दुकानांतील फळ्या रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा अनेक शेतांना सभासदांच्या प्रतीक्षायाद्या कराव्या लागल्या.

टोपलीतले पंचांग

जूनमधील पहिली टोपली बहुधा नवख्या सभासदाला निराश करते. टोमॅटोच्या आशेने आलेल्याच्या हाती पडतात लेट्यूस, पालक, मुळे, सलगम, नवलकोल, मटाराच्या कोवळ्या शेंगा आणि लसणाचे वळणदार फुलदांडे. याचे कारण साधे आहे. या भाज्यांना गारवा मानवतो आणि त्या चाळीस-पन्नास दिवसांत काढणीला येतात. लसणाचा फुलदांडा तर गड्डा नीट पोसावा म्हणून खुडावाच लागतो. तो कचऱ्यात न जाता टोपलीत येतो, इतकेच.

जुलैत ऊन तापते आणि दिवस पंधरा तासांच्या आसपास लांबतो. लेट्यूस-पालकाला आता दांडा फुटतो, पाने कडवट होतात. त्यांची जागा काकडी, फरसबी, गाजर, बीट, कोवळे बटाटे आणि झुकिनी घेतात. फरसबीचे आपल्याकडील दुसरे नाव श्रावणघेवडा. तेथेही ती नेमकी श्रावणाच्या सुमारास भरात येते, हा योगायोग मोठा गमतीचा. बीटाच्याच जातीतील ‘स्विस चार्ड’ ही पालेभाजी मात्र उन्हाला फारशी दबत नाही. पालक संपल्यावर तीच आधार देते.

झुकिनी हा या हंगामातील विनोदाचा विषय आहे. भोपळ्याच्या कुळातील हे फळ कोवळे असतानाच खाल्ले जाते. फूल उमलल्यापासून चार ते आठ दिवसांत ते खुडण्याजोगे होते. बी धरून वंश पुढे नेणे हे वेलीवर्गीय झाडाचे उद्दिष्ट. परंतु फळ कोवळेपणीच काढून घेतल्यामुळे ते उद्दिष्ट साधत नाही आणि झाड पुन्हा पुन्हा फुलत राहते. एखादे फळ पानांआड राहून गेले, तर आठवड्याभरात ते दंडाएवढे आणि निबर होते. दोडका-घोसाळ्यांचा वेल परसात लावणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत ८ ऑगस्ट हा दिवस शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून येण्याचा दिवस म्हणून थट्टेने पाळला जातो.

ऑगस्ट हा या पंचांगातील सणाचा महिना. मे महिन्यात शेतात लावलेली टोमॅटोची रोपे साठ ते ऐंशी दिवसांनी पिकलेली फळे देऊ लागतात. वांगी, ढोबळी मिरची, मक्याची कणसे, खरबूज आणि आपल्या तुळशीची बहीण शोभेल अशी बेझिल एकदमच येतात. मका, घेवडा आणि भोपळा ही तर या भूमीतील मूळ रहिवाशांची जुनी मिश्रपिके. त्यांना ते ‘तीन बहिणी’ म्हणत. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवडा चढतो, घेवड्याच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवतात आणि भोपळ्याची पाने सावली धरून तण रोखतात.

सप्टेंबरमध्ये बटाटे, कांदे आणि जाड सालीचे भोपळे येऊ लागतात. थंडीची पहिली रात्र जवळ आली, की वेलीवरचे कच्चे टोमॅटो उतरवून टोपलीत भरले जातात. त्यांचे काय करावे, असा प्रश्न अनेक अमेरिकी सभासदांना पडतो. तीळ-दाणे घातलेली हिरव्या टोमॅटोची चटणी ठाऊक असलेल्या तेथील मराठी घराला तो पडत नाही. नवलकोलाची भाजी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी, झुकिनी किसून लावलेले थालीपीठ किंवा दुधीप्रमाणे मूगडाळ घालून केलेली तिची भाजी, ही सारी या टोपलीतून सहज साधतात.

टोपली घरी आल्यावर

सीएसएची सर्वांत मोठी परीक्षा शेतात नव्हे, तर घरात होते. आठवड्याची भाजी एकदम येते आणि न वापरता सडू लागली की सभासदाला अपराधी वाटू लागते. पुढल्या वर्षी नाव न नोंदवण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. थोडे शास्त्र ठाऊक असेल, तर हे टळते.

खुडलेली भाजीही श्वसन करीत असते. ज्या भाजीचे श्वसन वेगवान, ती लवकर उतरते. मक्याचे कणीस, मटार आणि कोवळ्या पालेभाज्या या गटातल्या. मक्यातील साखरेचे काढणीनंतर झपाट्याने पिष्टात रूपांतर होते. म्हणून तो शक्यतो त्याच दिवशी खावा. झुकिनी, फरसबी, काकडी चार-पाच दिवस थांबतात. गाजर, बीट, बटाटे सर्वांत शेवटी वापरावेत. मुळा, बीट व गाजर यांची पाने घरी येताच कापून वेगळी करावीत, कारण ती कंदातील पाणी ओढून घेतात आणि कंद मऊ पडतो.

सगळेच शीतकपाटात कोंबणेही चुकीचे. वांगी, काकडी, भेंडी आणि बेझिल या उष्ण प्रदेशातील वनस्पतींना फार थंडी सोसत नाही; त्या काळवंडतात किंवा त्यांवर डाग पडतात. बेझिलच्या काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या कराव्यात. टोमॅटोबद्दल फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की कडक थंडीत आठवडाभर ठेवल्यास त्याच्या सुवासाची द्रव्ये निर्माण करणारी जनुके मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही तो स्वाद पुरता परतत नाही. पिकलेला टोमॅटो ओट्यावरच बरा.

टोपली रिकामी राहते तेव्हा

कराराचा खरा कस वाईट वर्षी लागतो. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात उशिरा येणारा करपा हा रोग कधी नव्हे इतक्या लवकर आणि दूरवर पसरला. १८४५ नंतर आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नष्ट करून दुष्काळ आणणारा तोच हा रोग. मोठ्या दुकानांतून घरगुती बागांसाठी विकल्या गेलेल्या टोमॅटोच्या रोपांबरोबर तो गावोगाव पोहोचला आणि त्या वर्षीच्या गार, पावसाळी हवेने त्याला बळ दिले. वाऱ्यावर मैलोगणती जाणारी त्याची बीजे शेतांत उतरली. सेंद्रिय शेतकऱ्यांच्या हाती ताम्रयुक्त फवारणीपलीकडे फारसे काही नव्हते. पाहता पाहता उभी झाडे काळी पडली, उपटून जाळावी वा पुरावी लागली. ज्या टोमॅटोसाठी सभासद वर्षभर वाट पाहतात, ते त्या ऑगस्टमध्ये अनेक टोपल्यांत आलेच नाहीत.

२०११ मध्ये २८ ऑगस्ट रोजी ‘आयरीन’ वादळाच्या पावसाने व्हरमाँट राज्यातील नद्यांना महापूर आला. भाजीपाल्याची सुपीक शेते नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर असल्याने तीच प्रथम बुडाली. पुराचे पाणी लागलेली भाजी अमेरिकी अन्नसुरक्षा नियमांनुसार विकता येत नाही. त्या पाण्यात सांडपाणी आणि रसायने मिसळलेली असू शकतात. म्हणजे पाणी ओसरल्यावर धडधाकट दिसणारे पीकही नांगरून टाकावे लागते. बर्लिंग्टन शहरालगतच्या विनूस्की नदीकाठी ‘इंटरव्हेल’ हा अनेक छोट्या शेतांचा परिसर आहे. तेथे २०११ मध्ये पाणी शिरले आणि २०२३ च्या जुलैत, हंगाम ऐन बहरात असताना, ते पुन्हा शिरले.

अमेरिकेतील पीकविमा मुख्यत्वे मका, सोयाबीन, गहू यांसारख्या मोठ्या पिकांच्या सोयीने घडलेला आहे. चाळीस प्रकारच्या भाज्या पाच-दहा एकरांत घेणाऱ्याला त्याचा उपयोग तुटपुंजाच होतो. अशा वेळी आगाऊ भरलेली वर्गणी हाच त्याचा विमा ठरतो. शेत बुडाले तरी बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे चुकते झालेले असतात. पुढल्या वसंतात पेरणी करण्याइतके बळ शिल्लक राहते. भाज्यांची विविधता हाही दुसरा विमाच आहे. ज्या गार पावसाने टोमॅटो बुडतो, त्याच पावसात कोबी आणि पालेभाज्या तरारतात.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र नाही. शेकडो डॉलर एकदम भरणे कष्टकरी कुटुंबाला परवडत नाही; त्यामुळे सीएसए हा सुखवस्तूंचा उपक्रम ठरतो, ही टीका जुनी आहे आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. सरकारी अन्नसाहाय्याचे पैसे महिनोन्महिने आगाऊ भरता येत नाहीत, हीही अडचण. काही शेते हप्ते देतात, काही उत्पन्नानुसार दर लावतात. मॅसॅच्युसेट्सने २०१७ पासून असे साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांना स्थानिक शेतातील भाजीची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत परत देण्याची योजना आखली. त्यात सीएसएचा वाटाही येतो. दुसरीकडे, वर्गणी ठरवताना शेतकरी स्वतःच्या श्रमांचे मोल अनेकदा धरतच नाही.

आपल्या मंडईत

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. पुणे-मुंबईत आठवड्याची भाजी घरपोच देणारे उपक्रमही बरेच निघाले. मात्र त्यांतील बहुतेकांत ग्राहक यादीतून भाजी निवडतो आणि मिळालेल्या मालाचे पैसे देतो. मध्यस्थ कमी झाला, परंतु जोखीम होती तेथेच, शेतकऱ्याच्या माथ्यावर राहिली. हंगामापूर्वी पैसा लागतो तेव्हा अनेक शेतकरी आजही आडत्याकडून उचल घेतात आणि माल त्याच्याच गाळ्यावर नेण्यास बांधले जातात.

२०२३ च्या जुलैत इंटरव्हेलची शेते पाण्याखाली होती, तेव्हा महाराष्ट्रात किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती. ग्राहक हवालदिल झाला. दोनच महिन्यांनी आवक वाढली आणि घाऊक भाव इतके कोसळले, की काढणीचा खर्चही निघेना. दोन्ही वेळा भावाने आपले काम चोख केले. पण टंचाईचा भार ग्राहकाने आणि विपुलतेचा भार शेतकऱ्याने एकेकट्याने वाहिला. वर्षभराची रक्कम आधी ठरलेली असती, तर दोघांनाही इतका फटका बसला नसता.

असा वाटा आपल्याकडे रुजायचा असेल, तर ग्राहकाला आधी हंगाम समजून घ्यावा लागेल. मेथी, पालक, कोथिंबीर या गारव्याच्या भाज्या. वैशाखात त्या लवकर फुलोऱ्यावर येतात, उगवणही कमी होते. उलट माठ, राजगिरा, तांदुळजा यांना ऊन मानवते, आणि घोळ तर पाण्याच्या ताणातही टिकते. मे महिन्यातील प्रामाणिक टोपलीत म्हणूनच या पालेभाज्या असतील, सोबत दुधी, दोडका, कारली, गवार, भेंडी, काकडी आणि चवळीच्या शेंगा असतील; फ्लॉवर आणि मटार नसतील. सलग तिसऱ्या आठवड्यात दुधी आला तर नाक न मुरडणे, ही सभासदत्वाची पहिली अट ठरेल.

दुसरी अट अधिक कठीण आहे. अवकाळी गारपिटीने मांडव आडवा झाला आणि टोपली अर्धीच आली, तर भरलेले पैसे परत न मागण्याची तयारी लागेल. त्याबदल्यात शेतकऱ्यानेही हिशेब उघडा ठेवायला हवा. काय पेरले, काय बुडाले, काय बाहेर विकले हे सभासदाला कळले पाहिजे. अन्यथा विश्वास टिकणार नाही. भाजी स्वस्त मिळावी, ही ग्राहकाची अपेक्षा रास्त आहे. परंतु ती पुढल्या वर्षीही मिळावी असे वाटत असेल, तर पिकवणारा शेतात टिकला पाहिजे, आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चात खाणाऱ्याचाही वाटा असला पाहिजे.